मथाभाऊंचा नेम

मित्रांनो, मी आत येत नाही, इथे ओटीच्या पायरीशीच बसून सांगतो. चपलांच्या रांगेत तो काळा, तळाला खुंट्या असलेला दिसतो ना, तो मी. उजव्या पायाचा फुटबॉलचा जुना बूट. डावा भाऊ शेजारीच आहे, पण त्याला बोलायची सवय नाही.

माझा जन्म जर्मनीतला. वासराच्या मऊ चामड्यातून मला बेतला, शिवला आणि मथियास नावाच्या खेळाडूने पायात घातला. मथियास बेकरीवाल्याचा मुलगा. लहानपणी पहाटे घरोघर पाव पोचवून मग सरावाला पळायचा. मोठेपणी दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबात तो खेळू लागला. नाव फार मोठं नव्हतं, पण पेनल्टी मिळाली, समोर एकटा गोलकीपर उभा राहिला, की सगळे त्याच्याकडेच बघत. लागोपाठ एकवीस पेनल्ट्या आम्ही जाळ्यात घातल्या! सामना संपला की तो मला ओल्या फडक्याने पुसायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचा, मेण चोळायचा. माझा तळवा झिजला तेव्हा त्याने तो बदलून घेतला, पण मला सोडलं नाही.

मग तो सामना आला. जिंकलो असतो तर क्लब पहिल्या श्रेणीत जाणार होता. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. मथियास धावला, मी चेंडूला लागलो, आणि चेंडू आडव्या दांडीवरून थेट प्रेक्षकांत. बावीस हजार माणसं एकदम गप्प झाली.

त्या दिवशी त्याने मला पुसलं नाही. चिखलासकट कापडी पिशवीत घालून गाठ मारली. पुढे चार वर्षं तो दुसऱ्या बुटांत खेळला, गुडघा गेला तेव्हा थांबला. पेनल्टी मात्र पुन्हा मारली नाही. मला फेकूनही देईना, पायातही घालेना. नऊ वर्षं मी काळोखात काढली.

यंदा वसईत मुलींचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या क्लेटन सरांनी त्याला तीन महिन्यांसाठी शिकवायला बोलावलं. येताना माझी पिशवीही त्याने तशीच सामानात टाकली. आचोळ्याला विनिताकाकूंच्या घरी माडीवरची खोली मिळाली. काकूंचा नेम कडक. अंगणातल्या तुळशीला पाणी घालून अकरा प्रदक्षिणा झाल्याशिवाय चहाचा घोट नाही. "मथियास" त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून तो मथाभाऊ झाला.

चंदनसारच्या मैदानावर तो मुलींना सगळं शिकवी. मुली मागे लागत, "सर, पेनल्टी दाखवा ना!" गेल्या वर्षी त्या पेनल्टीवरच हरल्या होत्या, आणि येत्या रविवारी पुन्हा त्याच संघाशी गाठ होती. तो नुसती नकाराची मान हलवी. शेवटी त्याने परतीचं तिकीट बदलून सामन्याच्या आदल्या दिवसाचं घेतलं.

क्लेटन सर तोंड पाडून अंगणात आले. "काकू, तुमचा मथाभाऊ चालला. पेनल्टी शिकवायला लागेल ना, म्हणून! नऊ वर्षांपूर्वी त्याचा नेम चुकला, तेव्हापासून हे असंच."

काकूंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "अगंबाई! नेम चुकला? कोनता नेम होता त्याचा?"

"आई, तो नेम नाही ओ!" सून संजनाला हसू आवरेना. "मारायचा नेम. निशाणा!"

पण काकू केव्हाच ओटीवर पोचल्या होत्या. तिथे मथियास सामान बांधत होता आणि मी पिशवीत त्याच्या गुडघ्याशी पडलो होतो.

"संजना, याला सांग. माझा पन चुकलाय."

"तुमचा? कधी?"

"तुझ्या लग्नाच्या दिवशी. हॉलवर कोनीतरी हातात कप दिला, मी पिऊन टाकला. मागून आठवलं."

"माझ्या लग्नात? आणि मला आजवर पत्ता नाही!"

"कोनाला सांगनार? लाज वाटली. चार दिवस मी तुळशीकडे बघितलंच नाही. पाचव्या दिवशी बघते, तर पानं गळत चाललेली. चुकले मी, नि तहानली ती. मग देवाला म्हटलं, माफ कर, नि तांब्या उचलला. याला विचार, याची तुळस कोनती?"

संजनाचं हसू थांबलं. तिने सगळं इंग्रजीत सांगितलं. तुळस समजावताना दोनदा अडखळली. मथियासने अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. मग त्याने पिशवीची गाठ सोडली.

त्या संध्याकाळी मैदानावर त्याने चेंडू ठेवला, धावला, मारला. चेंडू दांडीवरून गेला, आणि माझा तळवा पुढून फाटकन उघडला.

तेवढ्यात एक मुलगी ओरडली, "सर, बुटाने आ केला!"

मथियासने खाली पाहिलं आणि तो हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या मुलीने वेणीची रिबीन सोडून मला करकचून बांधलं. दुसरा चेंडू डाव्या कोपऱ्यात, जमिनीलगत, जाळ्यात! मग एकेक मुलगी पुढे आली. चेंडू दिसेनासा झाला तेव्हा कुठे सगळ्या घरी गेल्या, आणि वाटेत मथियासने क्लेटन सरांना तिकीट रद्द करायला सांगितलं.

आज शनिवार. उद्या काय होईल ते मला ठाऊक नाही. सकाळी मला मोच्याकडे नेलं होतं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "हा झिजून नाही फाटला, साहेब. नुसता पडून राहून फाटलाय."

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी वस्तू एका चुकीपायी अशी गाठ मारून ठेवलेली असेल. आज तिची गाठ सोडा. ओल्या फडक्याने पुसा, थोडं मेण चोळा आणि मैदानावर न्या. तिथे कोणीतरी केव्हाचं तहानलेलं उभं असतं.