पुढे पळते, भरवसा नाही

घड्याळ हाती आलं तेव्हा त्याच्या पट्ट्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली होती. पिवळी पडलेली, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेली. तिच्यावर जांभळ्या शाईत, कारकुनी वळणाच्या अक्षरांत दोनच वाक्यं : ‘पुढे पळते. भरवसा नाही.’

मी घड्याळ उलटं केलं. पाठीवर कोरलेलं होतं, ‘बॉयलर १’. साठीला टेकलेल्या माणसानं भर दुकानात डोळे पुसू नयेत, म्हणून मी चष्मा पुसला.

“चष्म्याच्या दुकानात येऊन सदऱ्यानं चष्मा पुसतोस? धंदा बंद करू का मी?” माझा दोस्त म्हणाला. दुकान त्याचंच. आम्ही दोघं जुन्या, चावीच्या मनगटी घड्याळांचे नादिष्ट. त्यातही शोभेची नकोत. सेकंदाला जागणारी हवीत. “कारखान्याचं भंगार निघालं, त्यात सापडलं. तुझ्या नानांचंच ना?”

“नानांचंच.”

त्यानं चिठ्ठी वाचली आणि खो खो हसला. “म्हणजे आख्खं गाव इतकी वर्षं पळत्या घड्याळामागं पळत होतं म्हण की!”

तो थट्टेनं बोलला. पण कुसळ बोटात शिरावं तसं ते वाक्य माझ्यात शिरलं आणि तिथंच राहिलं.

माझे वडील, आमचे नाना, कारखान्याचा भोंगा वाजवायचे. बॉयलरच्या खोलीत भिंतीलगत एक लोखंडी साखळी लोंबायची. डाव्या मनगटावर कारखान्यानं दिलेलं घड्याळ, उजव्या हातात साखळी. सकाळी सात, दुपारी बारा, एक, आणि संध्याकाळी पाच. काटा साठावर आला की हात खाली. मग गावातले न्हावी वस्तरा थांबवून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे सरकवायचे, शाळेचा शिपाई घंटेकडं धावायचा, बायका भांडी उतरवायच्या. कुणी कुणाला वेळ विचारली तर उत्तर यायचं, “भोंगा होऊन किती वेळ झाला बघ की.” मी शाळेत होतो तेव्हा मला माझ्या नावानं कुणी ओळखत नसे. भोंग्याचा पोरगा, एवढंच. आणि त्या एवढ्यावर मी छाती काढून चालायचो.

मी वीस वर्षांचा असताना नाना निवृत्त झाले. कारखान्यानं शाल दिली आणि घड्याळ काढून घेतलं, मालकी कारखान्याची. त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्या काळ्याभोर मनगटावर घड्याळाच्या जागी एक पांढरा पट्टा उरला होता. तो पट्टा उन्हानं भरून यायला वर्ष लागलं. त्यांनी पुन्हा मनगटावर काही बांधलं नाही. कुणी दिलं तरी म्हणायचे, “नको. सवय मोडते.”

नाना गेले आणि मला छंद जडला. नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी होती. रेघ केसभर हलली तर चैन पडत नसे. त्यात हे. वैमानिकांची, आगगाडीच्या गार्डांची, सर्वेक्षणवाल्यांची, ज्यांच्या कामात सेकंद चुकला तर माणूस चुकतो अशांची घड्याळं मी जमवत गेलो. एकतीस झाली. बायको म्हणायची, “एकतीस घड्याळं घरात, आणि दळण आणायला यांना कधी वेळ नाही.” तिला मी सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं : ही एकतीस म्हणजे वाट बघणं होतं. बत्तिसाव्याची.

आता बत्तिसावं आलं होतं, आणि गळ्यात चिठ्ठी घालून आलं होतं.

घड्याळवाल्या काकूंनी ते धुऊन, तेल घालून दिलं. सकाळी किल्ली दिली, रेडिओच्या सात वाजताच्या ठोक्याला लावलं आणि कपाटात, इतरांशेजारी निजवलं. दुसऱ्या दिवशी सातला पाहिलं तर एकोणीस सेकंद पुढं. पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस. चौथ्या दिवशी तेच.

कारकून खोटं बोलला नव्हता.

तीन दिवस मला अन्न गोड लागेना. दिवसाला एकोणीस सेकंद म्हणजे आठवड्याला दोन मिनिटांहून अधिक. मग ते न्हावी, तो शिपाई, त्या बायका? आई आजही सांगते की नाना दर सोमवारी तार कचेरीत जाऊन घड्याळ ताडून बघत, आणि दोन सेकंदांच्या वर फरक कधी आला नाही. पण आई काय, नवऱ्याचं कौतुकच करणार. मला वाटलं, कदाचित नानाच खोटं सांगत असतील तिला. हा विचार आला आणि माझी मलाच लाज वाटली. पण आला खरा.

मी परत काकूंकडं गेलो. काकूंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, आणि डोळ्याला भिंग लावलेल्या काकू. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचं टेबल घेतलं, आणि आता लोक म्हणतात, नवऱ्यापेक्षा हिचा हात हलका.

“बिघाड शोधा, काकू. आई म्हणते, पूर्वी दोन सेकंदांच्या वर फरक कधी यायचा नाही.”

“बिघाड असता तर धुताना दिसला नसता का? मी काय भांडी घासत होते?” त्यांनी पाठ उघडली. “पळतंय खरं, पण रोज सारखं पळतंय. बिघडलेलं घड्याळ आज एक करतं, उद्या दुसरं. हे तसं नाही. याला कुणीतरी मुद्दाम असं लावलंय.”

“मुद्दाम? पुढं पळायला?”

“इकडं बघा.” त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं आणि भिंगही. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरल्यासारख्या बारीक ओळी होत्या. “आम्ही लोक दुरुस्ती केली की आत तारीख टिपतो. गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. या अकरा तारखा आहेत, एकाच माणसाच्या हातच्या. पहिल्या सहा एकाच वर्षातल्या, म्हणजे त्यानं चिकाटीनं लावलंय. आणि प्रत्येक तारखेपुढं बघा काय लिहिलंय.”

चाळीस. अकराही तारखांपुढं एकच आकडा, चाळीस.

“मजुरी?” मी विचारलं.

“तेव्हा चाळीस मजुरी? जुनी सायकल आली असती त्यात.” काकू हसल्या. मग भिंग कपाळावर सारून म्हणाल्या, “नाना कामाला बसायचे कुठं?”

“बॉयलरपाशी.”

“मग सुटलं कोडं. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो ना, तसला चाळीस. आतली केसासारखी स्प्रिंग आहे ना, ती उष्णतेत सैलावते, घड्याळ मागं पडतं. त्या कारागिरानं ते बॉयलरच्या उबेत बरोबर चालेल असं लावलं. घड्याळ जिथं राहतं तिथलं लावायचं असतं. तुम्ही त्याला थंडगार कपाटात ठेवलंत. पळणारच.”

माझ्या छातीवरचा दगड उतरू लागला, पण काकूंच्या कपाळाची आठी जाईना.

“एक मात्र जुळत नाही. माणूस काही चोवीस तास बॉयलरपाशी नसतो. रात्री घरी गारव्यात पडलं असतं तर दहा तासांत सात-आठ सेकंद पुढं गेलंच असतं. रोज. तुमची आई म्हणते दोन सेकंद. मग रात्री हे कुठं असायचं?” त्यांनी सुई उचलली. “ते जाऊ दे. केसभर सरकवते आणि तुमच्या कपाटासाठी लावून देते. सरकवू? एका फुंकरीचं काम आहे.”

सुई आतल्या, वेग ठरवणाऱ्या इवल्याशा काट्याजवळ गेली होती. एक फुंकर, आणि घड्याळ माझं झालं असतं. तीस वर्षांची ती ऊब मात्र पुसली गेली असती.

“थांबा, काकू. आधी आईला विचारतो.”

“विचारा. साठीत आईला विचारून कामं करणारी माणसं आता राहिलीत कुठं!”

आई चौऱ्याऐंशीची. खिडकीपाशी खुर्ची, अंगावर शाल, आणि डाव्या मनगटावर गरम पाण्याची रबरी पिशवी. संधिवातानं तिचं ते मनगट दिवसभर शेक मागतं. घड्याळ मी तिला अजून दाखवलं नव्हतं, त्या चिठ्ठीमुळं. आता मांडीवर ठेवलं.

तिनं उचललं नाही. नुसतं बोट काचेवर ठेवलं, लेकराच्या कपाळाला ताप बघावा तसं.

“किती गार पडलंय गं बाई,” ती म्हणाली. मला नव्हे, त्याला.

“आई, नाना रात्री हे कुठं ठेवायचे?”

“ते कुठं ठेवायचे? मी ठेवायची. आल्या आल्या मनगटावरून काढून माझ्या हातात द्यायचे आणि मग चपला काढायचे. शेगडीच्या मागं कोनाडा होता ना, त्यात जुन्या लुगड्याची घडी, घडीवर हे. शेगडीत निखारे राखेनं झाकून ठेवायची मी. सकाळपर्यंत कोनाडा उबदार. उन्हाळ्यात राख जास्त, हिवाळ्यात कमी. किती घालायची ते हाताला कळायचं.”

“कुणी सांगितलं होतं तसं करायला?”

“त्या कारागिरानं यांना सांगितलं, रात्री ऊब सोडू नका. हे म्हणाले, मग काय उशाशी शेगडी घेऊन झोपू? म्हटलं, द्या इकडं. माझी शेगडी कुठं विझते?” ती हसली. “एकदा तुझे नाना आठ दिवस इस्पितळात होते. भोंगा दुसऱ्यानं वाजवला. तो घड्याळ घरी न्यायचा आणि खिडकीत टांगायचा. रोज भोंगा आधी! तिसऱ्या दिवशी माझ्या भाताला जराशी कणी राहिली. तशी गेले त्याच्या घरी. त्याच्या बायकोला म्हटलं, बाई, नवरा तुझा तुझ्याकडं ठेव, रात्रीचं घड्याळ मला दे.”

“मग?”

“मग काय, पाच रात्री तो माणूस आपल्या दारात घड्याळ पोचवायला यायचा, पहाटे न्यायला यायचा. गल्लीनं काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. भोंगा मात्र सुधारला.” तिनं पिशवी बाजूला केली आणि मान हलवत, निखारे सारखे करताना गुणगुणायची तसं गुणगुणली :

*भोंगा गं वाजला, गाव निघालं कामाला*
*वेळ निजवली रात्री, माझ्या उबेच्या उशाला*

ही ओळ मी लहानपणी शंभरदा ऐकली होती. शेगडीपुढं बसून बाई मनाला येईल ते गाते, एवढंच मला वाटायचं.

“आणि ही चिठ्ठी कसली?” तिनं विचारलं. मी टाळणार होतो, पण वाचून दाखवली. तिनं डावा हात पुढं केला. “बांध.”

पट्टा तिच्या मनगटाला फारच मोठा. आता तिथं हाड आणि कातडी. मी रुमालाची घडी खाली घालून बांधलं. तिनं वर पिशवी ठेवली.

तीन दिवस ते घड्याळ तिच्याकडं राहिलं. रात्री माझी बायको पिशवी भरून, टॉवेलात गुंडाळून आईच्या उशाशी ठेवायची. जिनं माझ्या एकतीस घड्याळांकडं कधी वळून पाहिलं नव्हतं, ती एकदा पहाटेसुद्धा उठली पाणी बदलायला. “घड्याळासाठी नाही हो,” मला म्हणाली, “आईंची ऊब कमी पडायला नको.”

पहिल्या सकाळी रेडिओशी ताडलं तर चार सेकंद पुढं.

“काल दुपारी डोळा लागला माझा. पिशवी गार झाली होती,” आईनं सांगून टाकलं.

दुसऱ्या सकाळी दोन. तिसऱ्या सकाळी मी वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा एकदा ताडून पाहिला. एक सेकंद. कपाटातल्या माझ्या सगळ्यांत नामांकित घड्याळालाही तीन लागतात.

चष्मेवाला मुद्दाम बघायला आला. आईच्या पाया पडला आणि वही वाचली. हसला नाही. “काकी, ती चिठ्ठी फाडून टाकायला सांगा याला. खोटी निघाली.”

“खोटी कशी? खरंच लिहिलंय त्या बिचाऱ्यानं,” आई म्हणाली. “नानांच्या मागं ते साहेबाच्या थंड ड्रॉवरमध्ये पडलं असणार. थंडीत एकटं ठेवल्यावर कुणीही पळेल. राहू दे चिठ्ठी.”

ती मी वहीतच ठेवली आहे. काकूंना निरोप दिला, सुई लावू नका. बत्तिसावा कप्पा रिकामा आहे आणि रिकामाच राहील.

त्या दिवशी एक वाजायला आला होता. रेडिओवर गाणं संपत आलं होतं. आईनं पिशवी सारली, काच डोळ्यांजवळ नेली, आणि उजवा हात हळूच वर उचलला, मूठ वळलेली, जणू तिथं साखळी होती. काटा साठावर आला.

“आता,” ती म्हणाली आणि हात खाली आणला.

आणि रेडिओनं एकाचा ठोका दिला.