चाखायच्या चमच्याचे दोन ठोके

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे, पण जन्माने मी खुर्ची. हसू नका, खरेच सांगतो. चौकातल्या या छोट्या हॉटेलात अकरा टेबले होती. एके दुपारी एक धिप्पाड गिऱ्हाईक कसल्याशा विनोदावर इतके खदाखदा हसले, की ते आणि त्याची खुर्ची दोघेही जमिनीवर आले. खुर्चीचे तीन पाय मोडले, चौथा शाबूत राहिला. तो चौथा पाय म्हणजे मी. कोपऱ्यावरचा सुतार रोज इथेच जेवायचा. त्याने मला घरी नेले, तासले, घासले, माझ्या एका टोकाला खळगा कोरला आणि चार दिवसांनी स्वयंपाकघरात आणून दिले.

"घ्या भाऊजी, चाखायला होईल," तो म्हणाला.

भाऊजी म्हणजे आमचे आचारी. हॉटेल त्यांच्या थोरल्या भावाचे होते. भाऊ अचानक गेला आणि वहिनी पदर खोचून गल्ल्यावर बसल्या. त्या त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून वाढणाऱ्या मावशीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळेच त्यांना भाऊजी म्हणू लागले. भाऊजींनी मला उलटेसुलटे करून पाहिले, वास घेतला आणि म्हणाले, "याला अजून पॉलिश येतंय. आठ दिवस गरम पाण्यात लोळू दे." असे नाक होते त्यांचे!

स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामध्ये ताटे पुढे सरकवायची एक खिडकी होती. तिच्या शेजारी माझा खिळा. तिथून मला चूलही दिसायची आणि टेबलेही. माझे काम एकच. पदार्थ तयार झाला, की भाऊजी पळीने थोडासा माझ्यात ओतायचे, फुंकर मारायचे, जिभेवर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी स्वयंपाकघरात कोणी ब्र काढायचे नाही. मग ते डोळे उघडून मला भांड्याच्या कडेवर दोनदा आपटायचे. टक, टक. हे दोन ठोके ऐकू आले, की मावशी वाढायला घ्यायची. ठोके नाहीत तर पान नाही. आणि ठोक्यांनंतर कोणी चाखायचे नाही, हाही तिथला नियमच होता. भाऊजींनी चाखल्यावर पुन्हा चाखणे म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांच्या जिभेचा अपमान.

काय त्या जिभेचे कौतुक व्हायचे! पाणी नळाचे की टाकीचे हे त्यांना कळायचे. दूधवाल्याने एकदा दुसऱ्याच गोठ्यातले दूध आणले, तर भाऊजी त्याला म्हणाले, "तुमची म्हैस बदलली, की तुम्ही बदललात?" दूधवाला ओशाळून हसला. सुट्टीच्या दिवशी घरेच्या घरे जेवायला यायची, मुले खुर्च्यांवर गुडघे टेकून खिडकीतून आत डोकावायची आणि ठोके ऐकून ओरडायची, "वाजलं, वाजलं! आता येणार!" माझा ऊर भरून यायचा. लाकडाला ऊर नसतो म्हणता? मग तुम्ही बावीस वर्षे कुणाचा विश्वास अंगावर वागवलेला नाही.

या सगळ्यांत मला फार आवडायचे ते घड्याळवाले आजोबा. समोरच्या फुटपाथवर त्यांचे घड्याळे दुरुस्त करण्याचे बोळकांडीएवढे दुकान. घरी कोणी नाही, तोंडात दात चारच. बरोबर एक वाजता ते खिडकीजवळच्या भिंतीलगत बसायचे आणि एक वाटी सूप घ्यायचे. भाऊजी आणि ते कधी चार वाक्ये बोलले असतील तर शपथ. पण आतून माझे दोन ठोके झाले, की आजोबा सूप संपवून आपला चमचा वाटीच्या काठावर दोनदा वाजवायचे. टक, टक. ती त्यांची पावती. भाऊजी पाठमोरे असले तरी त्यांचे कान लाल व्हायचे.

मग ती थंडी आली. भाऊजींना ताप भरला. चार दिवस अंथरुणावर काढून पाचव्या दिवशी ते कामावर आले, कांदा कढईत टाकला आणि तसेच थांबले. कांदा लाल झाला, काळा पडायला लागला, तरी ते नाक पुढे करून उभेच. मावशी धावली, "अहो भाऊजी, करपला!" ते दचकले. म्हणाले, "अंगात कणकण आहे अजून."

कणकण नव्हती. मला पहिल्याच दिवशी कळले. त्यांनी माझ्यात सूप घेतले, जिभेवर ठेवले, डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा घेतले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी माझ्या खळग्यात नुसते मीठ भरले आणि ते सगळे तोंडात टाकले. त्यांचा चेहरा जराही हलला नाही.  चवही गेली होती, वासही गेला होता. त्यांनी मला पुसले, हातात घट्ट धरले आणि पुटपुटले, "कोणाला बोलू नकोस." आणि भांड्याच्या कडेवर मला दोनदा आपटले.

तो माझा पहिला खोटा ठोका.

त्यानंतर सहा महिने भाऊजींनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. ते आठवणीने स्वयंपाक करायचे. मीठ वाटीने मोजायचे, कांदा डोळ्यांनी बघायचे, शिजलेले बोटांनी दाबायचे. बावीस वर्षांचा हात होता, त्यामुळे बरेचसे जमून जायचे. कधी मीठ दुप्पट पडायचे, कधी पडायचेच नाही. गिऱ्हाईक म्हणायचे, "आज तोंडालाच चव नाही वाटतं," आणि मीठदाणी पुढे ओढायचे. आतून ठोके आलेत म्हटल्यावर दोष आपल्याच तोंडाला द्यायचे.

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला नाही असे नाही. एकदा मावशीपुढे मला धरून ते म्हणाले, "बघ गं जरा, कसं झालंय?"

मावशी दोन पावले मागे सरली. "मी? अहो, तुम्ही चाखल्यावर मी काय सांगणार?"

एकदा ते वाटी घेऊन थेट गल्ल्याशी गेले. "वहिनी, जरा चाखून बघता का?"

वहिनी हसल्या. "भाऊजी, माझी परीक्षा घेताय? तुमच्या जिभेवर तर हे दुकान उभं आहे!"

भाऊजीही हसले. वाटी घेऊन परत आले, ती मोरीत ओतली आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. दुकान आपल्या जिभेवर उभे आहे आणि जीभ तर मेली आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांनी ते गिळून टाकले. मला त्यांची फार दया आली. आज वाटते, दया यायला नको होती, चीड यायला हवी होती. पण चमच्याच्या चिडण्याने होते काय?

उन्हाळा आला. त्या दिवशी शेजारच्या शाळेतल्या एका बाईंच्या निवृत्तीचे जेवण होते. सोळा माणसे सव्वा वाजता येणार होती. कोंबडीचे सूप भाऊजींनी आदल्या दिवशीच करून फ्रिजमध्ये ठेवले होते. सकाळी मावशी येताच म्हणाली, "भाऊजी, रात्री वीज गेली होती म्हणे. फ्रिज आत्ता चालू आहे, पण आतली भांडी कोमट लागतायत."

"मी बघतो," भाऊजी म्हणाले.

मित्रांनो, 'मी बघतो' म्हणजे काय? मी चाखतो. बघायला त्यांच्याकडे होते काय दुसरे? सूप चुलीवर चढले, उकळले. भाऊजींनी पळीने माझ्यात ओतले. ते अंगात मुरताच मला कळले. लाकूड आहे मी, चव पिऊन बसतो. ते सूप नासले होते. वर मिरी होती, लोणी होते, पण खाली आंबूस, बुळबुळीत काहीतरी होते. उकळले म्हणून काय झाले, नासलेले ते नासलेलेच. मी भाऊजींच्या जिभेवर होतो. एका चमच्याला जेवढे ओरडता येते तेवढा मी ओरडलो. तुम्ही ओळखलेच असेल, चमच्याला ओरडता येत नाही.

भाऊजी डोळे मिटून उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. ते सूप तेव्हाच ओतून देता आले असते. पण "का ओतलं?" असे वहिनींनी विचारले असते, आणि त्या एका प्रश्नाला भाऊजी सहा महिने भीत होते. बाहेर वहिनी टेबले जोडत होत्या. एक वाजला. घड्याळवाले आजोबा आपल्या जागेवर येऊन बसले.

टक, टक.

मावशीने आजोबांची वाटी भरली आणि तिचे नाक आक्रसले. "भाऊजी, जरा आंबूस वास येतोय का हो?"

"मावशी," भाऊजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "बावीस वर्षं कोण चाखतंय इथं?"

"नाही, तसं नाही. माझंच नाक चोंदलंय," मावशी म्हणाली आणि वाटी घेऊन गेली.

मी खिळ्यावरून बघत होतो. आजोबांनी पहिला घोट घेतला आणि ते थबकले. वाटीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. त्यांनी ठोके ऐकले होते. त्यांनी थोडी मिरी भुरभुरली आणि हळूहळू सगळे सूप संपवले. मग नेहमीसारखे त्यांनी वाटीच्या काठावर चमचा वाजवला. जरा हळू वाजवला, पण दोनदाच वाजवला, आणि काठी टेकत ते दुकानाकडे गेले.

शाळेची मंडळी आली, सोळा वाट्या गेल्या. निवृत्त होणाऱ्या बाईंची नात पाच वर्षांची होती. तिला आमचे ठोके-बिके काही माहीत नव्हते. तिने पहिलाच घोट थू करून टेबलावर टाकला. "आजी, हे घाण आहे!"

तिची आई तिला दटावू लागली. तेवढ्यात बाईंनी स्वतः वाटी नाकाशी नेली आणि उभ्या राहिल्या. "अहो मालकीणबाई, हे नासलंय हो!"

वहिनींनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्या वाट्या परत आल्या. खिडकीच्या फळीवर मावशीने त्या ओळीने मांडल्या. सोळा भरलेल्या, आणि टोकाला एक रिकामी.

वहिनी त्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिल्या. "ही कोणाची?"

मावशी तोंडावर पदर घेऊन बाहेर पळाली. आजोबा दुकानातच होते, भिंग डोळ्याला लावून. "मला काही झालं नाही, कशाला घाबरता," असे म्हणून त्यांनी तिला परत पाठवले. संध्याकाळी ते दुकानात कोसळले. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारले. वय झालेले, अंगात पाणी उरले नाही, असे डॉक्टर म्हणाले.

त्या दुपारीच स्वयंपाकघरात वहिनींनी विचारले होते, "भाऊजी, तुम्हाला लागलं नाही? एवढं नासलेलं, आणि तुम्हाला लागलं नाही?"

भाऊजी खाली बसले. "सहा महिने झाले, वहिनी. मला काहीच लागत नाही."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"आलो होतो. वाटी घेऊन आलो होतो."

 आपण हसलो होतो हे वहिनींना आठवले असावे, कारण त्यांनी हात ओठांवर दाबून धरला.

चौकशी झाली, दाराला कुलूप लागले, चार महिन्यांनी ते निघाले. भाऊजी मला चुलीत घालणार होते. मावशीने मला हातातून ओढून घेतले आणि परत खिळ्यावर अडकवले. आता आचारी नवा आहे. ठोके बंद आहेत. प्रत्येक भांडे आचारी चाखतो, मावशी चाखते, वहिनी चाखतात, आणि तिघेही तोंडाने सांगतात काय वाटले ते. स्टीलचे तीन चमचे आहेत. मला कोणी हात लावत नाही. तेल न मिळाल्यामुळे माझ्या खळग्यात चीर पडली आहे, आणि त्या चिरेत अजून ते सूप आहे. घासून जाणारे नाही ते.

मित्रांनो, लाकडी चमचा धुवून कोरडा करावा, अधूनमधून तेल लावावे, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरी कोणीतरी रोज तुमच्यासाठी चाखत असेल. आई असेल, आजोबा असतील. त्यांच्यावर विश्वास जरूर ठेवा, पण कधीतरी वाटी त्यांच्याकडून घ्या, स्वतः चाखा आणि विचारा, तुम्हाला लागतंय ना नीट? आणि ते वाटी घेऊन तुमच्यापुढे आले, तर हसू नका.

भाऊजी आता रोज एक वाजता येतात आणि भिंतीलगतच्या आजोबांच्या जागेवर बसतात. खिडकीकडे बघत नाहीत. काल मावशीने त्यांच्यापुढे सूप ठेवले आणि न विचारताच सांगितले, "मीठ बेताचं आहे, मिरी जरा जास्त झालीय. आज सकाळचं आहे, ताजं आहे."

भाऊजींनी मान हलवली आणि शेवटपर्यंत खाल्ले. मग त्यांनी चमचा उचलून वाटीच्या काठापर्यंत नेला, तसाच थोडा वेळ धरला, आणि न वाजवता खाली ठेवला.