लय अतिशय हळू, पट्टी काळी दोन

मी एक गाणं बोलतोय. गात नाही, नुसता बोलतोय. मला गायचं तर अख्खा वाद्यवृंद लागतो आणि समोर उभी राहणारी एक बाई लागते. एवढी माणसं आता माझ्यासाठी क्वचितच जमतात.

माझा जन्म जर्मनीतल्या गॉर्लिट्झचा, नायसे नदीच्या काठचा. पहिलं महायुद्ध अजून व्हायचं होतं. मला लिहिलं अन्झेल्म क्रोगरने. तो तिथल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, अबोल बहीण. ती वाजत होती हे लोकांना ती थांबल्यावर कळतं. अन्झेल्मचंही तसंच होतं.

त्याने माझ्यासाठी पट्टी धरली काळी दोन, आणि तीही उदास सुरांची. वाजवणारे वैतागले. या पट्टीत व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जवळजवळ कामाला येत नाहीत. सूर बोटाखाली दाबूनच काढावा लागतो आणि तो घोंगडीखालून आल्यासारखा येतो. अन्झेल्मला नेमकं तेच हवं होतं. पहिल्या ओळीच्या डोक्यावर त्याने लय लिहिली, 'अतिशय हळू', आणि तिच्याखाली ठसठशीत रेघ ओढली.

शब्द थोडेच आहेत. नवरा नदीपलीकडे आहे, होडी बंद झाली आहे. बायको हाक मारते आणि पाणी ती हाक मध्येच ठेवून घेतं. शेवटची हाक लांबच लांब, एकाच श्वासात घ्यायची.

ती हाक त्याने ओटिलीच्या गळ्यासाठी लिहिली. ओटिली त्याची बायको, त्याच नाट्यगृहात गायची. आवाज खालचा, जाड, उबदार. असल्या आवाजाला दाया आणि चेटकिणी यांचीच कामं मिळतात.

"दर हंगामात चेटकीण होऊन मरते मी," ती म्हणायची, "आणि अजून एकदाही कुणी रडलेलं नाही."

"या गाण्याला रडतील."

"तुझ्या लयीत? रडायच्या आधी झोपतील."

पण तिचा दम अफाट होता. स्वयंपाकघरात बटाटे सोलताना ती माझी हाक सोडायची, आणि सालीची लांब फीत सुटून खाली पडेपर्यंत आवाज जराही हलायचा नाही. अन्झेल्म दाराला टेकून ऐकायचा आणि मग लगबगीने टेबलाकडे जायचा. कागदावर मी तेव्हा अर्धाच होतो. उरलेला अर्धा मी तिच्या छातीत वाढलो.

मी पुरा झालो त्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. अन्झेल्मला वाटलं, थंडीचा असेल. मला मात्र लवकर कळलं, कारण मी तिच्या श्वासावर चालणारा. हाक पूर्वी जिथवर पोचायची, तिथवर आता पोचेना. मध्येच ती भांडं आदळायची, नळ सोडायची, म्हणजे तुटलेला सूर लपावा. डॉक्टरांनी फुप्फुसं तपासून गाणं बंद करायला सांगितलं. ते तिने घरी सांगितलंच नाही.

कारण त्याच सुमाराला मला वसंतातल्या मैफलीत घ्यायचं ठरलं होतं. इतकी वर्षं अन्झेल्म लिहीत होता आणि नाट्यगृहाने त्याची एकही रचना हातात धरली नव्हती. ओटिली गाणार म्हणून ही धरली.

ती वाद्यवृंदाच्या संचालकांकडे गेली. लॉटमान त्यांचं नाव, पिकल्या मिशांचा, तापट पण सरळ माणूस. तिने आजाराचं सगळं सांगून टाकलं.

"साहेब, तेवढं हळू मला जमायचं नाही."

"मग दुसरी कुणी बघू."

"दुसरी बघायला लागलात, की वरचे म्हणतील क्रोगरचं पुढच्या वर्षी बघू. त्यांचं पुढचं वर्ष कधी येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

लॉटमान यांनी मिशी ओढली. "काय करू म्हणता, बाई?"

"लय वाढवा. तुमची मर्जी म्हणून वाढवा. त्याला कळता कामा नये."

"तो माझा जीव खाईल."

"खाऊ दे. तुम्ही धडधाकट आहात."

तालमीला लॉटमान यांचा हात सुरुवातीपासूनच भरभर पडू लागला. जरा वेळाने अन्झेल्मने व्हायोलाचा गज खाली घेतला.

"साहेब, वर लय लिहिलेली आहे."

"वाचली मी."

"मग हे काय चाललंय? बाई नदीकाठी उभी आहे, बाजारात कोंबडी धरायला धावत नाहीये."

"क्रोगर, तुझ्या लयीने गेलो असतो ना," मागून हॉर्नवाला पांक्रात्स म्हणाला, "तर माझं सूप निवलं असतं." सगळे हसले.

लॉटमान यांचा चेहरा लाल झाला. "छडी माझ्या हातात आहे," एवढंच ते म्हणाले. ओटिली खाली मान घालून कागद चाळत राहिली.

मैफलीत मी धावलो. दुःखाला असं धावायला लावलं की ते लाडिक होतं, हे मला त्या दिवशी कळलं. टाळ्या भरपूर पडल्या. वर्तमानपत्रात छापून आलं, 'एक गोड गाणं'.

सकाळी अन्झेल्म ते वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन बसला. ओटिली काळा पाव चिकोरीच्या कॉफीत बुडवत होती.

"गोड," तो म्हणाला. "गोड म्हणे. आणि तू काही बोलली का नाहीस? तू अडून बसली असतीस तर त्याला थांबावं लागलं असतं. त्याच्या ताटाखालचं मांजर झालीस तू."

ती उत्तर द्यायला गेली आणि तिला उबळ आली. तिने रुमाल तोंडाशी धरला. नेहमी ती तो चटकन मुठीत घ्यायची. त्या दिवशी तेवढंही बळ नव्हतं, आणि त्यावरचं रक्त त्याला दिसलं.

"लॉटमानना मीच सांगितलं होतं," श्वास परत आल्यावर ती म्हणाली. "तुझी लय आता माझ्या छातीत मावत नाही, अन्झेल्म."

त्याने वर्तमानपत्राची घडी केली. मग ती उलगडली आणि पुन्हा केली.

त्यानंतर तो वेड्यासारखा माझ्या मागे लागला. त्याला वाटलं, पट्टी उतरवली तर तिच्या गळ्याला सोपं जाईल. त्याने मला काळी दोनवरून पांढरी दोनवर आणलं आणि तिच्या पलंगाशी बसून व्हायोलावर वाजवून दाखवलं. मोकळ्या तारा खणखणल्या. माझा मलाच मी अनोळखी वाटलो.

"खिडक्या उघडल्यासारखं वाटतंय," ओटिली म्हणाली.

"वाईट आहे का?"

"वाईट नाही. पण ती नदीकाठी उभी आहे ना रे? तिथे कुठल्या आल्यात खिडक्या? होतं तिथेच राहू दे."

"तुला गाता यावं म्हणून केलं."

"मला माहीत आहे." तिने त्याच्या हातातला गज काढून घेतला आणि उशाशी ठेवला. "आता नुसता बस."

त्याने मला पुन्हा जुन्या पट्टीत नेलं आणि कागद बांधून ठेवले. ओटिली गेली तेव्हा झाडांवर पानं होती की बर्फ, ते मी सांगू शकत नाही. तेव्हा मला कुणी वाजवत नव्हतं, आणि न वाजणाऱ्या गाण्याला ऋतू कळत नाहीत.

मग नाट्यगृहाने तिच्या स्मरणार्थ मैफल ठेवली. ड्रेस्डेनहून थेक्ला नावाची गायिका बोलावली. तरणीताठी, पिंपासारख्या छातीची, मनाने चांगली. तालमीला आल्या आल्या तिने सगळ्यांशी हात मिळवले. अन्झेल्म आपल्या जागेवर बसला होता.

लॉटमान यांनी छडी उचलली आणि तशीच खाली घेतली.

"क्रोगर, लय कुठली घेऊ?"

अख्ख्या वाद्यवृंदासमोर त्यांनी हे विचारलं. अन्झेल्म गजाच्या केसांवरून अंगठा फिरवत राहिला.

"लिहिली आहे तीच घ्या," तो म्हणाला. "जमेल तेवढी हळू घ्या. आता घाई कुणाला आहे?"

मैफलीत मी पहिल्यांदा तसा वाजलो, जसा त्याच्या मनात होतो. काळोखा, जड, सावकाश. थेक्लाने शेवटची हाक एकाच श्वासात घेतली आणि वर तिचा श्वास उरला. लोक रडले. व्हायोलांच्या रांगेत मात्र एक आवाज कमी होता. अन्झेल्मचा गज त्याच्या मांडीवर पडून होता. शेजारच्याने जोर लावून ती जागा भरून काढली.

नंतर थेक्ला त्याच्याकडे आली. "तुमच्या मनासारखं झालं का?"

"अगदी मनासारखं झालं," तो म्हणाला. त्याने व्हायोला पेटीत ठेवली, कोट चढवला आणि निघून गेला. त्यानंतर त्याने दुसरं गाणं लिहिलं नाही. मलाही पुन्हा उघडलं नाही.

युद्धं आली आणि गेली. आता मी एका ग्रंथालयात पुठ्ठ्याच्या खोक्यात असतो. कधीतरी कुणी जाणकार मला बाहेर काढतात आणि वाद घालतात. पहिल्या मैफलीतली जलद लय ही संचालकाची घोडचूक होती, असं ते लिहितात. बिचारे लॉटमान! त्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

तुमच्यापैकी कुणी मला कधी गायला घेतलंत, तर एवढं ऐका. पट्टी बदलू नका, होती तीच राहू दे असं ओटिलीने सांगितलेलं आहे. लय वर लिहिली आहे, पण ती धरायच्या आधी गाणाऱ्या बाईला जवळ बसवून विचारा, की तिचा श्वास कुठवर पोचतो. आणि आहे त्याहून ती जास्तच सांगेल, हे धरून चाला.