मावशीचा अंगरखा

अल्गार्व्हच्या डोंगरात आमची बुचाची झाडं आहेत; त्यांच्या जाड सालीतून बाटल्यांची बुचं कापतात. त्यातल्या सगळ्यात जुन्या झाडाला माझा नवरा बेल्मिरो मावशी म्हणतो. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा बाप त्याला टोपलीत घालून याच झाडाखाली ठेवायचा आणि कामाला लागायचा. बेल्मिरोला माझ्यापेक्षा या मावशीचंच कौतुक जास्त, आणि मी ते आयुष्यभर सोसत आलेय.

झाडाची साल काढली की उघड्या लाल बुंध्यावर त्या सनाचा शेवटचा आकडा रंगवायचा, आणि नऊ वर्षांनी नवी साल जाड झाली की पुन्हा कुऱ्हाड लावायची. या उन्हाळ्यात मावशीची पाळी होती.

त्या दिवसांत दुपारी डोळा लागला की मला एकच स्वप्न पडे. मावशी आमच्या दारात उभी असे, पानांची सावली थेट माझ्या अंथरुणापर्यंत आलेली. म्हणे, "ग्रासिएते, यंदा नको गं."

"राहू दे ना तिला," मी बेल्मिरोला स्वप्न सांगून म्हटलं. "एप्रिलपासून थेंब नाही. पूर्वी आग लागायची ती उन्हाळा सरताना, तीही क्वचित. आता जूनमध्येच डोंगर पेटतात. अंगावर साल असली तर झाड तगतं. उघडी सापडली तर मरेल रे ती."

"झाडं सल्ले द्यायला लागली, म्हणजे तुला रात्रीचं डुकराचं मटण बाधलं," तो हसला. "पाळी म्हणजे पाळी. माझ्या बापानंही कधी चुकवली नाही."

त्यानं साल काढली, आकडा रंगवला, सालीचे तक्ते खाली गावातल्या अंगणात रचले. रंग पुरता वाळला नसेल, तोच पूर्वेकडून गरम वारा सुटला आणि डोंगर पेटला. आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसलो होतो. राख इतकी हळूहळू पडत होती की मला झोप येऊ लागली.

पुढच्या वसंतात, अंगावर साल असलेल्या काळ्याठिक्कर झाडांना हिरवे कोंब फुटले. मावशीला फुटले नाहीत.

एका सकाळी त्यानं तक्ते खेचरावर लादले. विकायला निघाला असेल, असं मला वाटलं. पण तो डोंगर चढू लागला, म्हणून मी मागोमाग गेले. मावशीच्या जळक्या बुंध्याला तो तक्ते लावून पाहत होता. एक तक्ता नेमका बसला.

"हा इथलाच," तो म्हणाला. "बघ, कसा बसतोय."

तक्ता धरून दोरी बांधायला त्याचे हात पुरत नव्हते. 'मी सांगत होते' हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते.

"दोरी आण इकडे," मी म्हणाले. "तू नुसता धरून ठेव."