म्हशीएवढं दार

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. माझ्या एका कडीला सुतळी गुंडाळलेली आहे आणि खिळा जरा ढिला झालाय, पण पाती अजून कडक आहेत बरं का. पेठ वडगावच्या कापडदुकानात मी तीस वर्षं मांजरपाट आणि खण कापले. माझं कापड कधी तिरपं जात नाही, असं गिऱ्हाइकं कौतुकानं सांगायची. पुढं दुकानाच्या मालकानं, गोमटेशनं, दुकान बंद केलं आणि शहरात, राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सोबत त्याची आई आक्का आल्या आणि मी आले. तिथं माझ्या नशिबी दुधाच्या पिशव्या आल्या. लाज वाटायची, दुसरं काय!

मग त्रिशलानं मला उचललं. ही गोमटेशची मुलगी, पाचवीतली. दर रविवारी ती मला घेऊन अनुजाबाईंच्या चित्रकलेच्या वर्गाला जायची. बाई मुलांना अतिवास्तववाद शिकवत होत्या. शब्द ऐकूनच माझी पाती आवळली. पण काम सोपं निघालं. "जागेपणी जे एका जागी येत नाही आणि स्वप्नात येतं, ते कागदावर आणा," एवढंच बाई म्हणाल्या. एकानं डोकं काढायचं, कागद दुमडून झाकायचं, दुसऱ्यानं पोट काढायचं, तिसऱ्यानं पाय. कागद उलगडला की पंख्याच्या डोक्याचा, रिक्षाच्या पोटाचा, कोंबडीच्या पायांचा कुणीतरी समोर उभा! पोरं हसून लोळायची. जुनी कॅलेंडरं कापायचं काम माझ्याकडे असे. त्याचं पुढं काय होणार, हे मला कधीच ठाऊक नसे, आणि त्यातच मला मजा येई.

एका रविवारी त्रिशलानं कॅलेंडरवरच्या गाईचं मुंडकं कापून एका कोटवाल्या साहेबाच्या मानेवर चिकटवलं. बाईंनी शाबासकी दिली. घरी आक्काही चित्र बघून हसल्या. तेवढ्यात पिशवीतून उरलेला कागद खाली पडला. त्यावर बिनमुंडक्याची गाय होती.

"ही कुणी कापली?"

"मी. कागदाची हाय की, आक्का."

"कागदाची असू दे. हात चालवताना मनात गायच हुती न्हवं?"

आमचं घर जैनांचं. आमच्याकडे प्राण्याच्या आकाराचा केकसुद्धा सुरीनं कापत नाहीत, खेळातही नाही. त्रिशलाला हे माहीत होतं, पण गमतीच्या भरात ती विसरली. अनुजाबाईंना तर कुणी सांगितलंच नव्हतं. आक्का ओरडल्या नाहीत. नातीच्या वाटचा उपास त्यांनी स्वतः धरला. मग मला धुऊन, फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्रिशलाचा वर्गही बंद झाला.

फडकं इतकं आवळलेलं होतं, की पाती उघडेचनात. कात्रीला उघडता येऊ नये, यापरते हाल नाहीत हो. माझा जीव गुदमरत होता. बाहेरचे आवाज मात्र ऐकू यायचे. वर्गाचं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं होतं. प्रत्येक मुलाचं एक स्वप्नचित्र तिथं लागणार होतं, आणि त्रिशला काही विचारलं तरी नुसतं "हं" म्हणायची. आक्का तरी कुठं मोकळ्या होत्या? त्यांना लिफ्टची भीती वाटायची आणि जिना झेपत नव्हता. आठ-आठ दिवस त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. आम्ही तिघीही कोंडलेल्या होतो, कुलूप तेवढं माझ्या वाट्याला आलं होतं.

दहाव्या दिवशी अनुजाबाई घरी आल्या. "चूक माझी, आक्का. मी आधी विचारायला हवं होतं," त्या सरळ म्हणाल्या.

आक्का म्हणाल्या, "सपान मलाबी पडतंय की, बाई. पण त्यात कुणाची मान तुटत न्हाई."

"काय दिसतं?"

"आमची वडगावची म्हैस येती, तीन मजलं चढून. दारात हुबी ऱ्हाती, पाणी मागती. दार बारकं. तिला आत येता येईना, मला भाईर जाता येईना."

त्रिशला हळूच म्हणाली, "मग आपण दार कापूया की, आक्का. म्हशीला हातच लावायचा न्हाई."

जरा वेळानं किल्ली फिरली. फडकं सुटलं आणि मला उजेड दिसला.

पशुखाद्याच्या कॅलेंडरवरची म्हैस अख्खी टेबलावर ठेवली. तिच्यावर बिल्डरच्या जाहिरातीतली इमारत आली. त्रिशलानं माझ्याकडून त्या इमारतीला दार कापून घेतलं. आत म्हैस दिसली.

"शिंग झाकलंय. मोठं कर," आक्का म्हणाल्या.

आम्ही कापलं.

"आणि शेपूट? वळायला जागा नको व्हय तिला?"

आम्ही कापतच राहिलो. शेवटी इमारतीचा नुसता काठ उरला आणि म्हैस ऐसपैस उभी राहिली.

हल्ली मी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. मित्रांनो, तुमच्या घरच्या कात्रीच्या खिळ्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडा. कापण्याआधी काय अख्खं राहायला हवं, ते घरातल्यांना विचारा. आणि कधी चुकलंच, तर तिला कोंडून ठेवू नका.

एक सांगायचं राहिलंच. प्रदर्शनाच्या सकाळी त्रिशलानं चित्र उचललं आणि तिला शंका आली. "आक्का, एवढं मोठं दार लावायचं कसं?"

"लावायचं कशाला?" आक्का म्हणाल्या, आणि आपल्या चपला शोधू लागल्या.