शेपट्या गळालेली भाषा

प्रसेनजितच्या इंग्रजी क्लासात मराठी शब्द तोंडून गेला, की तास संपेपर्यंत उभं राहावं लागे. बंजारा तांड्यावरची हेमला इतक्यांदा उभी राहिली, की तिनं बोलणंच सोडलं. आज तिचा बाप सेवादास केनवडला क्लासात आला होता, तिचं नाव काढून घ्यायला.

नीलिमाबाईंनी त्याला मागच्या बाकावर बसवलं. "एवढा माहा तास होऊ दे, सेवादास. मंग ने पोरीले."

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या आपल्या या आत्याला प्रसेनजितनं रविवारचा तास दिला होता. बाईंना ही पोरगी हातची जाऊ द्यायची नव्हती. लहानपणी मेडशीच्या शाळेत त्यांनीही क्रियापदांची रूपं पाढ्यांसारखी घोकली होती, आणि ती आभाळातून तशीच उतरली असावीत, असं त्यांना कितीतरी वर्षं वाटे.

"हजार वर्षांमागं इंग्रजीत शब्दाशब्दाले शेपट्या होत्या," त्यांनी सुरुवात केली. "आपल्यात नाही का, घर, घरात, घराले? तशा. मंग समुद्रापलीकडून दुसरे लोक येऊन शेजारी राह्यले. त्यायची बोली जवळचीच, पण शेपट्या वेगळ्या. आता बजारात गाय इकायची तं शेपट्या कोण पाह्यते? गळू लागल्या. पुढं राज्य आलं फ्रेंच बोलणाऱ्यायचं. दरबारात फ्रेंच, अन् इंग्रजी राह्यली वावरात, चुलीपाशी. तिले दुरुस्त कराले मास्तरच नव्हता. तवा ती आजच्यासारखी होत गेली. नियमाचे पुस्तकं लय नंतर आले."

सेवादास खदखदून हसला. "म्हंजे आमच्या तांड्यावाणीच! माही बायको बजारात अर्धं आमची गोरमाटी बोली, अर्धं वऱ्हाडी बोलते. मिरच्या तं इकल्या जातात!"

पोरं हसली. अन् हेमलाचं तोंड उघडलं.

"बाई, मंग त्या लोकायले कोणी उभं केलं होतं का?"

बाई हरखल्या. उत्तर देणार, तोच दारातून प्रसेनजित म्हणाला, "हेमला, स्टँड अप. नो मराठी."

"अरे, तासभर मीच मराठीत बोलून राह्यली! मले उभं कर ना!"

"आत्या, इंटरव्ह्यूत कोणी हजार वर्षांमागचं इचारते का? पालक मले इचारतात, पोरगी बोलते कवा."

"आता बोलली ना!"

"मराठीत."

हेमला उभी राहिली ती दप्तर घेऊनच. बाप-लेक बाहेर पडले. बाई चपला सरकवत रस्त्यापर्यंत मागे गेल्या.

"माह्या घरी पाठव तिले, सेवादास."

"तुमचं खरं असन, बाई. पण नोकरी देणारा सरासारखंच इचारते. पाहू."

हा 'पाहू' बाईंनी नोकरीत किती बापांच्या तोंडून ऐकला होता! त्यांना प्रसेनजितची चीड आली, सेवादासची आली, आणि जे दोन वाक्यांत सांगता आलं असतं ते तासभर ताणणाऱ्या स्वतःचीही आली.

बाप-लेक बसले अन् काळीपिवळी जीप सुरू झाली.

"कोणीच नाही उभं केलं, हेमला!" बाई काचेवर हात मारत ओरडल्या. "कोणीच नाही!"

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "मावशी, बसायचं तं बसा, नाही तं सरका."