तव्यावर उडालेल्या बिया

पंढरीनाथांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. भुसावळला रेल्वेच्या एकाच कचेरीत आम्ही शेजारी बसायचो. पुढे माझी जयपूरला बदली झाली आणि निवृत्तीनंतर मी आणि माझी बायको कलावती तिथेच, जगतपुरा भागात राहिलो. २००६ च्या दिवाळीनंतर कलावतीला टायफॉइड झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी परसातल्या लाल भोपळ्याच्या बिया सोलून डबाभर पाठवल्या. सोबत पत्र होतं, "शेषराव, वहिनींनी खाल्ल्या का, एवढंच कळवा."

काय कळवणार? ताप उतरला, तरी कलावती दोन घासांवर ताट सारत होती. डॉक्टरांनी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या होत्या. पण अन्न पोटात गेलंच पाहिजे, असं बजावलं होतं.

मी नेहमीप्रमाणे आधी पुस्तकं उघडली आणि तिला वाचून दाखवलं. "बियांत प्रथिनं भरपूर, शिवाय लोह, मॅग्नेशियम, जस्त. जंतांवर जुना उपाय. म्हाताऱ्यांच्या लघवीच्या तक्रारींवरही देतात, पण त्याला पुरावा तोकडा."

"जस्त पत्र्याला लावतात," ती भिंतीकडे वळून म्हणाली. "आणि म्हातारे तुम्ही. तुम्हीच खा."

एका दुपारी मला वाटलं, भाजून द्याव्यात. तवा चांगला तापवला आणि मूठभर बिया टाकल्या. त्या तडतडल्या, फुगल्या आणि ओट्यावर, जमिनीवर, माझ्या चष्म्यावर उडू लागल्या. मी हातात पुस्तक धरून मागे सरकलो.

"अहो, झाकण! पुस्तकात झाकण नाही का लिहिलेलं?"

कलावती दारात उभी होती, चौकट धरून, खळखळून हसत. तिला असं हसताना पाहून मला गॅस बंद करायचंही सुचेना. तो तिनेच बारीक केला. बिया पुन्हा भाजल्या, लसूण, लाल मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायला मला बसवलं. बोटावर चटणी घेऊन चाखली.

"बाजरीचं पीठ आहे का हो?"

होतं. भाकरी मीच थापली, वेडीवाकडी. तिने ती नावं ठेवत ठेवत पूर्ण खाल्ली आणि म्हणाली, "अजून अर्धी."

संध्याकाळी मी आंतर्देशीय पत्र घेतलं. गुण गोळ्यांचा की बियांचा, हे मला सांगता येत नाही, गोळ्या चालूच आहेत, असं प्रामाणिकपणे लिहिलं. मग लिहिलं, "पंढरीनाथ, तुमच्या वहिनींनी खाल्ल्या. दीड भाकरीबरोबर. तुमचे फार उपकार झाले."

पुन्हा वाचलं असतं तर ते उपकारांचं वाक्य संकोचाने खोडलं असतं. म्हणून पत्र तसंच चिकटवलं आणि स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं.